राष्ट्रीय सेवा योजना (सोलापूर जिल्हा)

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी शिकता शिकता समाजासाठी ठरावीक तास काम करावे, यासाठी केंद्र सरकारने चालवलेली योजना. सरकारी कागदावर ‘रासेयो’, पोरांच्या तोंडी ‘एनएसएस’. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हा स्वयंसेवक सुमारे ४०,००० होते. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये त्या काळी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. १ ऑगस्ट २००४ रोजी या एकाच जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ (२०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ) स्थापन झाले आणि योजनेचा कारभारही जिल्ह्यात आला.

स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि त्याखेरीज सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहायचे, असा नियम आहे. साधारण शंभर स्वयंसेवकांचे एक एकक असते आणि त्यावर प्राध्यापकांतून नेमलेला कार्यक्रम अधिकारी. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे रथचक्र असते. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. वर्षभराच्या कामात वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, मतदार नोंदणी, पथनाट्य, प्रभातफेरी हे ठरलेले. वहीत चढणाऱ्या तासांतले बरेचसे महाविद्यालयाचे आवार झाडण्यात आणि पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडण्यात जातात, हेही खरे.

सोलापुरात योजनेचे खरे काम पाण्याचे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सर्वाधिक पडतो तो सप्टेंबरात. ओढे वाहते असतात ते त्यानंतरचे काही आठवडे. वनराई बंधारा घालायचा तो याच काळात. सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, त्यांत माती किंवा वाळू भरायची, तोंडे सुतळीने शिवायची आणि विटांच्या बांधकामासारखी सांधमोड करत ती ओढ्यात आडवी रचायची. खर्च जवळजवळ नाही आणि अडलेले पाणी शेजारच्या विहिरींना रब्बीत उपयोगी पडते. अडचण अशी की, नेमक्या त्याच दिवसांत पहिल्या सत्राच्या परीक्षा येतात. शिबिरे भरतात ती परीक्षा आटोपल्यावर, हिवाळ्यात. तोवर पुष्कळ ओढे आटलेले असतात. कोरड्या ओढ्यात रचलेली पोती अहवालातल्या छायाचित्रापुरतीच. जाणते कार्यक्रम अधिकारी म्हणून शिबिराची वाट पाहत नाहीत. पाऊस उघडला की एखादा रविवार धरून बंधारा उरकून घेतात.

हिवाळी शिबिरासाठी सलग समतल चर, म्हणजे पावसाचे पाणी जिरवायला उतारावर एका पातळीत खणलेले चर, हे जास्त शहाणपणाचे काम. माळावर आधी समपातळीची रेषा काढावी लागते. त्यासाठी लाकडी ‘ए-फ्रेम’ वापरतात: दोन पाय, मध्ये आडवी पट्टी आणि वरून सोडलेला ओळंबा. ओळंब्याची दोरी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजायचे, तिथे फक्की टाकायची आणि एक पाय जागेवर ठेवून चौकट पुढे फिरवायची. रेषेवर साधारण दोन फूट रुंद व एक फूट खोल चर खणतात आणि निघालेला मुरूम उताराच्या खालच्या अंगाला टाकतात. वरच्या अंगाला टाकला तर पहिल्याच पावसात तो चरात परत येतो. खणायला टिकाव-फावडे नवख्या हातात दिले तर तळहाताला फोड येतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी घमेली वाहायला उमेदवार जास्त मिळतात. पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये सुरू केलेल्या वॉटर कप या गावागावांतील जलसंधारणाच्या स्पर्धेत पुढच्या काही वर्षांत सांगोला, बार्शी, मंगळवेढा यांसारखे तालुके उतरले होते. तिचा हंगाम एप्रिल-मेचा, म्हणजे पुन्हा परीक्षांचाच.

शिबिराचा मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात असतो. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम. शिधा महाविद्यालयाचा, पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी गावातून आपसूक येते. घरोघरी पाहणी करायची झाली की भाषेचा प्रश्न उभा राहतो. अक्कलकोट व दक्षिण सोलापूरच्या कित्येक गावांत कन्नड बोलतात, तर शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विडीवर जगणाऱ्या घरांतून तेलुगू. तिथे छापील मराठी प्रश्नावलीपेक्षा उंबऱ्याशी बसून ‘अक्का’ म्हणणारी, त्याच वस्तीतली विद्यार्थिनी जास्त माहिती आणते.

जानेवारीचा दुसरा आठवडा शहरातील एककांना धावपळीचा. १२ जानेवारी हा विवेकानंद जयंतीमुळे राष्ट्रीय युवा दिन. सोलापुरात तो हुतात्मा दिनही आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ मध्ये याच तारखेला येरवड्यात फाशी दिली गेली. त्याला लागूनच संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा, म्हणजे गड्डा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला होणाऱ्या गर्दीत वाट मोकळी ठेवायला आणि हरवलेली पोरे घरच्यांकडे पोचवायला स्वयंसेवक लागतातच.

दुसरी मोठी गर्दी पंढरपूरची. आषाढी वारी येते तेव्हा महाविद्यालयांत प्रवेश चालू असतात, नव्या विद्यार्थ्यांची नावनोंदणी झालेली नसते. त्यामुळे भार दुसऱ्या वर्षाच्या मुलांवर पडतो. पालखीतळ रिकामा झाला की पत्रावळी गोळा करणे, वाळवंटातील कचरा उचलणे, फिरत्या शौचालयांकडे वारकऱ्यांना वळवणे अशी कामे असतात. यातले शेवटचे सर्वांत अवघड: ‘माउली, तिकडं नका, इकडं या’ हे वडीलधाऱ्या माणसाला दिवसभर न चिडता सांगत राहावे लागते.

एकक एखादे गाव दत्तक घेते आणि सलग काही वर्षे तिथेच काम करणे अपेक्षित असते. कार्यक्रम अधिकाऱ्याची मुदत मात्र ठरावीक आणि पद अध्यापन सांभाळून करायचे. माणूस बदलला की गाव बदलण्याचा मोह होतो, कारण नव्या गावात उद्‌घाटन होते, जुन्या गावात फक्त चरांतला गाळ काढायचा असतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या श्रेयांकांत योजनेला सहअभ्यासक्रम म्हणून जागा मिळाली आहे. श्रेयांक सत्रागणिक मोजले जातात, ओढ्याचे वेळापत्रक मात्र पूर्वीचेच आहे.