ब्रिज हमबकर निवडताना किलोओहमच्या पलीकडे

नवा ब्रिज पिकअप, म्हणजे गिटारच्या तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळचा, तारेच्या कंपनाचा विद्युतसंदेश करणारा भाग, घ्यायचा म्हटलं की बहुतेक गिटारवादक आधी एक आकडा बघतात. ८ किलोओहम, १४ किलोओहम, १६ किलोओहम. आकडा जितका मोठा तितका पिकअप जोरकस, असा सरसकट समज आहे. खरं तर तो आकडा कॉइलच्या, म्हणजे पिकअपमधल्या गुंडाळीच्या, वायरचा रोध सांगतो, आणि रोधावरून आवाजाबद्दल फारच थोडं कळतं. त्यावर विसंबून पैसे खर्च करणाऱ्यांची मला मनापासून हळहळ वाटते, कारण आवाज ठरवणाऱ्या गोष्टी समजायला अवघड नाहीत. त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तर पिकअप विकत घेण्याआधीच कानांनी तपासता येते.

पिकअपच्या मुळाशी आहे ते फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन. पिकअपमधल्या चुंबकामुळे त्याच्यावरची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबकित होते. ती कंप पावली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. अडचण अशी, की आसपासच्या विजेच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांचं क्षेत्रही त्याच कॉइलमध्ये शिरतं आणि ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी यावर जो उपाय शोधला, त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज झाला आणि १९५९ मध्ये पेटंट मिळालं. त्यांनी दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवल्या आणि अशा जोडल्या की बाहेरून आलेली गुणगुण दोन्हींत एकमेकींविरुद्ध पडून विरून जावी. सोबत दोन्हींचे चुंबकीय ध्रुवही उलटे ठेवले. त्यामुळे तारेच्या संदेशाचं चिन्ह आणखी एकदा पालटतं आणि तो वजा होण्याऐवजी दुप्पट होतो. दोनदा उलटवून सुलट करण्याची ही कल्पना इतकी नेटकी आहे, की आजचे बहुतेक हमबकर, म्हणजे असे गुणगुण मारणारे दोन कॉइलचे पिकअप, तिच्यावरच चालतात.

आता ब्रिजच्या जागेचा विचार करू. दोरीउड्यांची दोरी मधोमध मोठा घेर घेते आणि हाताजवळ जेमतेम हलते, तसंच तारेचं आहे. मोकळ्या तारेच्या लांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर, म्हणजे साधारण नेक पिकअपच्या (गिटारच्या मानेजवळच्या पिकअपच्या) जागी, मूळ स्वराचं आंदोलन मधल्या आंदोलनाच्या ७१ टक्के असतं. ब्रिजपासून एक सोळांश अंतरावर ते १९.५ टक्क्यांवर येतं. ६४८ मिलिमीटर स्केलच्या (मोकळ्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर हे अंतर ४ सेंटिमीटरच्या आसपास भरतं, आणि ब्रिज हमबकर साधारण तिथेच बसतो. म्हणजे तिथे खर्ज मुळातच रोडावलेला असतो आणि त्या मानाने वरचे उपस्वर ठळक असतात. ब्रिजचा पिकअप चिरका का वाटतो आणि त्याच्या कॉइलला नेकपेक्षा वायरचे जास्त फेरे का देतात, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर याच भूमितीत आहे.

फेरे वाढवले की दाब वाढतो, पण सोबत इंडक्टन्सही (प्रवाहातल्या बदलाला कॉइल करते तो विरोध, हेन्रीत मोजतात) वाढतो, आणि आवाजाचा पोत मुख्यतः त्याच्या हातात असतो. कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता, पिकोफॅरडमध्ये मोजतात) मिळून एक अनुनादी मंडल तयार होतं. एका ठरावीक वारंवारतेपाशी ते संदेश उचलून धरतं आणि तिच्या वरचं सगळं झपाट्याने कापून टाकतं. जुन्या वळणाच्या हमबकरचा इंडक्टन्स साधारण ४.५ हेन्री धरा आणि केबलसकट एकूण धारिता ५०० पिकोफॅरड. सूत्रात घातलं की अनुनादाचं शिखर सुमारे ३,३५० हर्ट्झला येतं. भरपूर फेऱ्यांच्या, ८ हेन्रीच्या पिकअपला त्याच केबलवर ते २,५०० हर्ट्झला येतं. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, त्यामुळे हा फरक कुणालाही ऐकू येतो. पहिला आवाज मोकळा आणि धारदार, दुसरा जाड आणि मधल्या पट्टीत ठासून भरलेला.

रोधाचा आकडा फसवतो तो इथेच. ४२ गेजची वायर सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाड असते, ४४ गेजची ०.०५. फेरे तितकेच ठेवून नुसती वायर बारीक केली तरी रोध दीडपटीच्या आसपास जातो, पण पिकअपचा जोर काही तेवढा वाढत नाही. तांब्याचा रोध तापमानाबरोबरही बदलतो: १० अंश उकाडा वाढला की ८ किलोओहमचा पिकअप ८.३ दाखवतो. उलट ग्रेच गिटारवरचा फिल्टरट्रॉन हा रे बट्स यांचा हमबकर ४ किलोओहमच्या आसपासचा असूनही कुठेच दुबळा वाटत नाही. उत्पादकाने हेन्रीचा आकडा दिला असेल तर आधी तो वाचावा. एकाच जाडीच्या वायरचे आणि एकाच रचनेचे दोन पिकअप असतील, तरच किलोओहमची तुलना कामाची.

आता ती कानांनी करायची तपासणी. साध्या गिटार केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. म्हणजे नेहमीच्या केबलपेक्षा ३ मीटर लांब केबल लावली की ३०० पिकोफॅरड वाढतात आणि ४.५ हेन्रीच्या पिकअपचं शिखर ३,३५० वरून २,६५० हर्ट्झवर घसरतं. जास्त फेऱ्यांच्या पिकअपच्या शिखराजवळ तुम्ही फुकटात पोचलात! लांब केबलवर गिटार खुलली, तर तिला अधिक इंडक्टन्सचा पिकअप शोभेल. ती गुदमरली आणि आखूड केबलवर मोकळा श्वास घेऊ लागली, तर कमी फेऱ्यांचा शोधा. मात्र मध्ये बफर (पिकअपला पुढच्या केबलपासून अलग करणारं मंडल) असलेला पेडल ठेवू नका, कारण त्याच्या पुढची केबल पिकअपला जाणवतच नाही. जोर आणि चुंबकाचा स्वभाव या प्रयोगात कळत नाही, पण पोताची दिशा नक्की कळते. गिटारच्या लाकडाच्या नावांवर तासन्‌तास चर्चा करण्यापेक्षा ही १० मिनिटं मला कितीतरी मोलाची वाटतात.

गिटारमधले पॉट, म्हणजे आवाज आणि टोनच्या बटणांखालचे बदलते रोध, या मंडलाचाच भाग आहेत. हमबकरला सहसा ५०० किलोओहमचे पॉट लावतात. २५० चे लावले तर शिखर बोथट होतं आणि कडा मवाळ होतात. दोन सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे पिकअप) आणि ब्रिजला एक हमबकर अशा गिटारमध्ये पॉट अनेकदा २५० चेच असतात. मग हमबकर मंद वाटतो आणि दोष बिचाऱ्या पिकअपला लागतो. तिथे आधी पॉट तपासा. पिकअपची उंचीही तपासा: शेवटच्या परड्यावर तार दाबून ती आणि पिकअप यांत २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी आणि उंचीच्या स्क्रूला अर्धा-अर्धा फेरा देत ऐकत जावं. स्क्रूच्या दोन फेऱ्यांनी होणारा बदल कधीकधी नव्या पिकअपइतका मोठा असतो.

चुंबकांबद्दल थोडक्यात. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टयुक्त लोखंडाचा मिश्रधातू. अल्निको २ चं क्षेत्र सौम्य असतं आणि आघात मऊ येतो. अल्निको ५ मध्ये खर्ज घट्ट आणि जोर जास्त. सिरॅमिक चुंबक त्याहून जोरकस, आणि भरपूर फेऱ्यांच्या कॉइलबरोबर तो आवाज आखीव ठेवतो. पण चुंबकाचा परिणाम फेऱ्यांपासून वेगळा काढून बोलू नये, असं माझं ठाम मत आहे.

जोर किती हवा? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन आला, तेव्हा अ‍ॅम्पच्या पहिल्या व्हॉल्व्हपाशीच आवाज लवकर फाटावा म्हणून पिकअपमधूनच मोठा दाब हवा होता. आजच्या अ‍ॅम्पमध्ये आणि पेडलमध्ये गेन (संदेश वाढवण्याची ताकद) मुबलक असतो. म्हणून जोरासाठी पोताचा बळी देऊ नये. मध्यम फेऱ्यांचा पिकअप घ्यावा आणि गेनचं बटण फिरवावं. शिवाय नेकच्या पिकअपशी मेळ राहिला पाहिजे, नाहीतर स्विच बदलताच आवाज उडी मारतो.

विकत घेताना दोन गोष्टी मोजून घ्याव्यात. पहिली, ब्रिजवर दोन्ही बाहेरच्या तारांमधलं अंतर: गिब्सन घराण्याच्या गिटारना साधारण ५० मिलिमीटरचा पिकअप चालतो, फेंडर पद्धतीच्या बऱ्याच गिटारना ५३ चा लागतो. दुसरी, पिकअपमधून बाहेर येणाऱ्या वायरी. चार वायरींचा असेल तर कॉइल समांतर जोडता येतात. मग इंडक्टन्स सुमारे एक चतुर्थांशावर येतो, शिखर जवळजवळ दुप्पट वर जातं आणि गुणगुण तरीही दबलेली राहते. एकाच पिकअपमध्ये दुसरा, लख्ख आवाज मिळतो.

बसवून झाल्यावर दोन्ही पिकअप एकत्र लावून ऐका. आवाज पोकळ आणि खर्जहीन आला तर ते एकमेकांविरुद्ध जोडले गेले आहेत. चार वायरींच्या पिकअपमध्ये संदेशाची आणि अर्थिंगची वायर अदलाबदल करून काम होतं. संदेशाच्या एकाच वायरीभोवती धातूची जाळी असलेल्या जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये मात्र तसं करू नका. जाळी आणि वरचं धातूचं कव्हर संदेशाला जोडलं जाऊन गुणगुण उसळते. तिथे पिकअप उघडून खालचा चुंबक उलटा बसवावा लागतो.