फर्मा आणि शू-ट्री: बुटाआधीचे लाकूड, बुटानंतरचे लाकूड

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या दुकानांत पितळी दिवे, ग्रामोफोनचे कर्णे आणि जहाजांवरचे कंदील यांच्या गर्दीत अधूनमधून लाकडी पावलांची एखादी जोडी दिसते. काही वर्षांपूर्वी अशी एक जोडी मी शू-ट्री समजून विकत घेतली. घरी आल्यावर ती माझ्या एका चांगल्या चामडी बुटात बसवण्यासाठी टाचेपाशी जोर लावला, आणि बुटाच्या टाचेला आकार देणारा आतला कडक थर मोडला. विकणाऱ्याने फसवले होते असे मी म्हणणार नाही, कारण हातातली वस्तू काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. ती शू-ट्रीची जोडी नसून बूट घडवण्याच्या फर्म्यांची जोडी होती. दोन्ही वस्तू लाकडी, दोन्ही पावलाच्या आकाराच्या आणि दोन्ही बुटाच्या आत जाणाऱ्या असल्यामुळे हा घोटाळा सहज होतो.

फर्मा म्हणजे ज्या ठोकळ्यावर चामडे ओढून बूट घडवला जातो तो ठोकळा. त्याला कालबूत असेही नाव आहे. शू-ट्री म्हणजे तयार बूट पायातून काढल्यावर त्याचा आकार टिकावा आणि आतील घाम शोषला जावा म्हणून आत घालून ठेवायची वस्तू. फर्मा असतो तेव्हा बूट अजून अस्तित्वात नसतो, आणि बुटाची लांबी, नाकाचा घाट, टाचेची पकड हे सारे फर्म्यावर आधीच ठरलेले असते. शू-ट्री येते तेव्हा हे सर्व ठरून गेलेले असते आणि तिला त्यात काही बदलायचे नसते. या दोन वस्तूंमधला प्रत्येक फरक, लाकडाच्या जातीपासून बिजागरीपर्यंत, या एका गोष्टीतून निघतो.

फर्मा आपल्या बोलण्यात फारसा न येण्याचे एक कारण मला आपल्या पायताणातच दिसते. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेला पारंपरिक पद्धतीत फर्मा लागत नाही. पायाच्या मापाने तळ कापला, त्याला कान जोडले, अंगठा आणि वेणी बसवली की चपलेचा आकार पूर्ण होतो, कारण तिला बंदिस्त पोकळी नसते. बंद बुटाचे तसे नाही. सपाट चामड्यातून पाय मावेल अशी पोकळी उभी करायची, तर ओलसर चामडे कशावर तरी पकडीने ओढून, चुका म्हणजे बारीक खिळे मारून, वाळेपर्यंत तसेच ताणलेले ठेवावे लागते. हातशिलाईच्या बुटात हा मुक्काम कित्येक दिवसांचा असतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की चामडे वाळायला त्याहून अधिक वेळ लागतो. घाईने उतरवलेला बूट हळूहळू आपला आकार सोडतो.

ग्राहकाच्या पायासाठी स्वतंत्र फर्मा कोरण्याचे काम मापांपासून सुरू होते. पाय कागदावर ठेवून पेन्सिल उभी धरून बाह्यरेषा काढली जाते; मग चवड्याच्या सर्वांत रुंद भागाचा घेर, कमानीपाशी घेर, पावलाच्या उंचवट्यावरचा घेर आणि टाचेच्या मागून उंचवट्यावर येणारा तिरका घेर घेतला जातो. उभे राहिल्यावर पाय पसरतो, म्हणून बसून घेतलेले माप आणि भार टाकून घेतलेले माप वेगळे येते. कोणत्या ठिकाणी कोणते माप धरायचे हा कारागिराचा निर्णय असतो. दोन्ही पाय स्वतंत्रपणे मोजावे लागतात, कारण एकाच माणसाचे दोन पाय क्वचितच तंतोतंत सारखे असतात.

फर्मा म्हणजे पायाची लाकडी प्रतिकृती, अशी समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. प्लास्टरमध्ये पायाचा साचा घेऊन तसाच लाकडात उतरवला आणि त्यावर बूट बांधला, तर तो घालून चार पावले चालणेही कठीण होईल. पायाला पाच बोटे असतात, तर फर्म्याचे नाक अखंड असते आणि ते बोटांच्या पुढे साधारण दीड-दोन सेंटीमीटर जाते, कारण चालताना पाय पुढे सरकतो. पायाच्या कडा गोलाकार असतात, पण फर्म्याची बाजू आणि तळ जिथे मिळतात तिथे स्पष्ट धार ठेवावी लागते. चामडे त्याच धारेवरून वळून तळाखाली जाते, आणि धार बोथट असेल तर बुटाची कड कुठे संपते आणि तळ कुठे सुरू होतो ते दिसत नाही. टाचेच्या वरचा भाग पायापेक्षा अरुंद ठेवला जातो, म्हणजे बुटाचा काठ घोट्याखाली घट्ट बसतो. उंचवट्यावरचा घेर मोजलेल्या मापाहून थोडा कमी ठेवतात, कारण तिथे बुटाने पाय धरून ठेवला पाहिजे. चवड्यापाशी मात्र तशी सक्ती केली तर बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात. बुटाला जितकी टाच लावायची असेल तितकी उंची फर्म्याच्या मागच्या भागाखाली गृहीत धरलेली असते, आणि पाऊल टाकताना बूट पुढे लोळावा म्हणून नाक जमिनीपासून किंचित उचललेले असते. एकदा उंची ठरली की त्या फर्म्यावर वेगळ्या उंचीच्या टाचेचा बूट नीट बांधता येत नाही.

हे सारे हाताने कोरायचे असेल तर आधी वाकसाने किंवा लांब सुऱ्याने ठोकळा ढोबळ आकारात आणला जातो. या सुऱ्याचे एक टोक बाकावरच्या कडीत अडकवलेले असते आणि दुसऱ्या टोकाला मूठ असते. अडकित्त्याचे एक पाते जसे चालते तसा तो चालतो, त्यामुळे कठीण लाकडाचेही जाड काप सहज निघतात. त्यानंतर जाड दात्यांची कानस, मग बारीक कानस, मग काचेच्या तुकड्याने खरवडणे आणि शेवटी पॉलिशपेपर. प्रत्येक टप्प्यावर टेप लावून घेर पुन्हा मोजावा लागतो. लाकूड एकदा गेले की परत येत नाही, म्हणून मापाच्या जवळ आल्यावर काम मुद्दाम मंद होते. माझ्या मते डावा आणि उजवा फर्मा एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब वाटतील असे कोरणे, आणि तरीही दोन पायांमधला खरा फरक राखणे, हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपातसुद्धा डावा-उजवा भेद नसलेले सरळ बूट सर्रास वापरले जात, यात आश्चर्य नाही. अमेरिकेत थॉमस ब्लँचर्ड यांनी १८१९ च्या सुमारास बंदुकीचे दस्ते कातण्यासाठी नमुन्यावरून नक्कल करणारा लेथ तयार केला, आणि पुढे तोच प्रकार फर्मे कातण्यासाठी वापरात आला. तेव्हापासून हाताने कोरण्याचे काम मुख्यतः मूळ नमुना घडवण्यापुरते आणि एखाद्या विशिष्ट पायासाठी स्वतंत्र फर्मा करण्यापुरते उरले.

फर्म्याचे लाकूड कठीण, बारीक तंतूंचे आणि चुका घट्ट धरणारे असावे लागते. युरोप-अमेरिकेत बीच, मेपल आणि हॉर्नबीम यांचा वापर रूढ होता. त्यावर शेकडो वेळा चुका मारून उपटल्या जातात, तरी तळ ठिसूळ होता कामा नये. लाकडाचे तंतू नाकापासून टाचेकडे धावतात, आणि लाकूड दमट हवेत तंतूंच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवे मात्र फुगते. त्यामुळे मुंबईत जुलैमध्ये फर्म्याची लांबी तशीच राहते, पण घेर बदलू शकतो. चवड्याचा घेर २४० मिलीमीटर धरला आणि लाकूड एक टक्का जरी फुगले, तरी २.४ मिलीमीटर वाढतात; बुटाच्या एका फिटिंगमध्ये, म्हणजे रुंदीच्या मापात, आणि पुढच्या फिटिंगमध्ये घेराचा फरक साधारण ६ मिलीमीटरच असतो, हे लक्षात घेतले तर ही वाढ नगण्य नाही. म्हणून लाकूड दीर्घकाळ वाळवून, वर मेण किंवा लाखेचा थर देऊन फर्मा बंद केला जातो. कारखान्यांत आज बहुतेक फर्मे प्लास्टिकचे असतात, त्यामागेही हे एक मोठे कारण आहे.

शू-ट्रीच्या बाबतीत हे सगळे उलटे होते. तिने ओल शोषावी अशी अपेक्षा असल्याने तिचे लाकूड बिनपॉलिशचे असणे चांगले. चकचकीत वॉर्निश केलेली शू-ट्री दिसायला देखणी असली तरी घामाच्या बाबतीत निरुपयोगी असते. तिच्यावर कोणी चुका मारणार नसल्याने मऊ, सुगंधी लाकूड चालते. बाजारात 'सीडर' म्हणून जे मिळते ते बहुधा अमेरिकी रेड सीडर असते, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते जुनिपर वंशातले झाड आहे. खरा सीडर म्हणायचा तर तो आपल्या हिमालयातला देवदार. शू-ट्रीचा पुढचा भाग बहुधा उभा चिरलेला असतो आणि मधल्या स्प्रिंगमुळे तो बुटाच्या रुंदीप्रमाणे उघडतो. मागचा भाग दांड्यावर पुढेमागे सरकतो. म्हणूनच एक शू-ट्री ४१-४२ अशा दोन मापांना चालते, तर फर्म्याच्या जगात युरोपीय मापाचा एक अंकही दोन तृतीयांश सेंटीमीटरचा असतो आणि तिथे तडजोड चालत नाही. स्वस्त शू-ट्रीमध्ये मागे लहान गोळा आणि ताठ स्प्रिंग असते. तो गोळा टाचेच्या एकाच बिंदूवर दाबत राहतो आणि काही महिन्यांनी तिथे बाहेरून फुगवटा दिसू लागतो. पावसात चिंब झालेल्या बुटात तर शू-ट्री लगेच घालू नये. आधी वर्तमानपत्राचे बोळे भरून ते दोन-तीनदा बदलावेत आणि बूट नुसता दमट उरला की मग शू-ट्री घालावी.

आता वस्तू हातात घेऊन ओळखायचे कसे? प्रथम तळ पाहावा. फर्म्याच्या तळावर चुकांची असंख्य बारीक छिद्रे असतात, आणि कारखान्यातला फर्मा असेल तर टाचेखाली किंवा पूर्ण तळावर लोखंडी पत्रा असतो, कारण त्यावर आपटून चुकेचे टोक आत वळते. शू-ट्रीचा तळ कोरा असतो. मग कडेवरून बोट फिरवावे. धार लागली तर फर्मा. मग वरचा भाग पाहावा. फर्मा तयार बुटातून बाहेर काढता यावा म्हणून त्याला एक तर मधोमध बिजागरी असते, नाही तर उंचवट्यावरचा पाचरीसारखा तुकडा वेगळा करून स्क्रूने बसवलेला असतो, आणि आकड्याने ओढण्यासाठी वर एक भोक असते. माझ्या जोडीला असा पाचरीचा तुकडा होता. तो आधी काढला असता तर कदाचित माझा बूट वाचला असता, पण तरीही ती शू-ट्री झाली नसती: मेणाने बंद केलेले लाकूड ओल शोषत नाही, अखंड नाक दुसऱ्या घाटाच्या बुटात सुरकुत्या काढण्याऐवजी चामडे नको तिथे ताणते, आणि लोखंडी पत्रा असलेला फर्मा मुंबईच्या दमट कपाटात आतल्या अस्तरावर गंजाचे डाग पाडतो. उलट, शू-ट्रीवर बूट बांधता येत नाही, कारण पकडीने चामडे ओढताच तिची स्प्रिंग दबते आणि ज्या आकारावर विसंबून चामडे ओढायचे तो आकारच हलतो.

रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या चर्मकाराकडचे तीन तोंडांचे लोखंडी पाऊलही कधी कधी फर्मा म्हणून दाखवले जाते. ते दुरुस्तीसाठी बूट उलटा अडकवून ठोकायचे साधन आहे. त्याचा कोणाच्या पायाच्या मापाशी संबंध नसतो.

खरी गुंतागुंत एकाच ठिकाणी होते. मापावर बूट शिवणारे काही कारागीर ग्राहकाला बुटासोबत शू-ट्रीही देतात, आणि ती त्याच ग्राहकाच्या फर्म्यावरून घडवलेली असते. अशी शू-ट्री बुटात हातमोजा बसावा तशी बसते, तिचे दोन-तीन तुकडे एकामागोमाग आत जातात आणि वजन कमी व्हावे म्हणून ती आतून पोकळ केलेली असते. बाहेरून ती फर्म्याची जुळी बहीण वाटते. तरीही तिच्यात चुकांचे छिद्र नसते आणि ती ग्राहकाच्या घरी जाते. फर्मा कारागिराकडे राहतो. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील जॉन लॉब या दुकानात ग्राहकांचे असे हजारो फर्मे जपून ठेवलेले आहेत. धारावीत किंवा कुर्ला-चेंबूर भागातील ठक्कर बाप्पा कॉलनीत दिसणारे फर्मे बहुधा मापांच्या संचांचे असतात, म्हणजे सहा, सात, आठ अशा क्रमाने, कोणा एकाच्या पायाचे नव्हेत.

माझ्याकडची जोडी मात्र कोणा एकाची असावी, असे मला वाटते. उजव्या फर्म्यावर अंगठ्याच्या सांध्यापाशी चामड्याचा पातळ तुकडा चिकटवून, कडा तासून, पृष्ठभागाशी एकजीव केला आहे. डाव्यावर तसे काही नाही. ग्राहकाचा पाय वयानुसार बदलला की नवा फर्मा न कोरता जुन्यालाच असे वाढवण्याची पद्धत आहे. त्या माणसाचा उजवा सांधा पुढे वाढला असणार, आणि तो दुखत असल्याचे त्याने कारागिराला सांगितले असणार. डावा आणि उजवा फर्मा चवड्यापाशी टेपने मोजला, तर घेरात ५ मिलीमीटरचा फरक येतो.