विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणकाळ

दोन विमानतळांमधील अंतर म्हणजे त्यांना जोडणाऱ्या बृहद्वृत्ताच्या लहान कंसाची लांबी. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल भूपृष्ठाला छेदते तिथे बृहद्वृत्त तयार होते, आणि गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग त्यावरूनच जातो. मोजणीसाठी विमानतळाच्या अधिकृत संदर्भबिंदूचे अक्षांश-रेखांश घेतात.

दोन्ही अक्षांशांच्या ज्या (साइन) काढून त्यांचा गुणाकार करावा. मग अक्षांशांच्याच कोज्यांचा (कोसाइन) गुणाकार करून त्याला रेखांशांतील फरकाच्या कोज्येने गुणावे. या दोहोंची बेरीज ही पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाची कोज्या असते. सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरल्यास या कोनाचा प्रत्येक अंश १११.१९ किमीचा होतो. समजा, दोन्ही ठिकाणे ६०° उत्तर अक्षांशावर असून त्यांच्या रेखांशांत ९०° फरक आहे. मग ही बेरीज ०.७५, कोन ४१.४१° आणि अंतर सुमारे ४,६०५ किमी येते. अक्षवृत्त धरून सरळ पूर्वेला गेल्यास हेच अंतर ५,००४ किमी भरते. बृहद्वृत्ताचा मार्ग मध्यावर जवळजवळ ६८° उत्तरेपर्यंत चढतो, म्हणूनच सपाट नकाशावर तो उगाच वळसा घेतल्यासारखा दिसतो.

चुका बहुतेक आकडे भरतानाच होतात. पश्चिम रेखांशाचे ऋणचिन्ह राहून जाते, किंवा अंशांचे रेडियन (कोन मोजण्याचे दुसरे एकक) केले जात नाहीत. ५१°२८′ हे ५१.२८ असे लिहिले जाते. खरा आकडा ५१.४७ असल्याने तेवढ्यानेच जागा सुमारे २१ किमी सरकते. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्यामुळे गोल धरून काढलेल्या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. तो नको असेल तर पृथ्वी लंबगोल धरून गणित करणारी, भूमापनतज्ज्ञ विन्सेंटी यांची १९७५ची पद्धत वापरतात. मात्र ठिकाणे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असली की तिच्यात पुन्हा पुन्हा करायची आकडेमोड एका उत्तरापाशी स्थिरावत नाही. वैमानिकी अंतरे नॉटिकल मैलांत असतात; १ नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर.

प्रत्यक्ष उड्डाण या अंतराहून लांबच असते. चढण्या-उतरण्याचे ठरलेले मार्ग आणि बंद हवाई हद्दी यांमुळे त्यात भर पडते. कधी अनुकूल वाऱ्यासाठी मुद्दाम लांबचा मार्ग घेतला जातो, आणि तो वेळेत स्वस्त पडतो.

उड्डाणकाळ ठरवताना खरा प्रश्न वाऱ्याचा असतो. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जॉन एफ. केनेडी हे अंतर सुमारे ५,५५० किमी आहे. हवेच्या सापेक्ष वेग ताशी ९०० किमी धरल्यास निवांत हवेत एका बाजूला ६ तास १० मिनिटे लागतील. पश्चिमेकडून ताशी १०० किमीचा वारा वाहत असेल तर पूर्वेकडे ५ तास ३३ मिनिटे आणि पश्चिमेकडे ६ तास ५६ मिनिटे लागतात. दोन्ही फेऱ्यांची बेरीज ९ मिनिटांनी वाढते, कारण विरुद्ध वारा विमानाला जास्त वेळ सोसावा लागतो. फेब्रुवारी २०२०मध्ये जोरदार जेट प्रवाहामुळे (उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा) एका प्रवासी विमानाने न्यूयॉर्क-लंडन अंतर ५ तासांच्या आत कापले होते.

वेळापत्रकातला आकडा मात्र विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, रांग आणि उशिरासाठी राखलेली मिनिटेही येतात. ढोबळ अंदाजासाठी अंतराला ताशी ८५० ते ९०० किमीने भागून अर्धा-पाऊण तास मिळवावा.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, म्हणून वजाबाकीपूर्वी दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणाव्यात. यूटीसी+९ इथून २३:०० वाजता निघून यूटीसी−७ इथे त्याच तारखेला १७:०० वाजता पोहोचणारे विमान १० तास उडालेले असते. मार्चमध्ये अधिक जपावे लागते. अमेरिका घड्याळे दुसऱ्या रविवारी पुढे करते, तर ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या काळात लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये ५ऐवजी ४ तासांचाच फरक असतो.