इंडक्शन वीज ‘खाते’ म्हणे!

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणी इंडक्शन घेतलं की काकू लोकांचा एकच सूर: “अगं, २००० वॅटची ती, बिल बघून डोळे पांढरे होतील!”

वॅट म्हणजे वेग, एकूण खर्च नव्हे. २००० वॅटची शेगडी तासभर पूर्ण जोरात चालली तर २ युनिट जळतात. पण तासभर चालवतं कोण? लिटरभर पाणी तीन-साडेतीन मिनिटांत उकळतं, युनिटचा जेमतेम दहावा भाग लागतो. कारण काचेखालच्या कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) चुंबकीय क्षेत्रामुळे थेट भांड्याचं बूडच तापतं. गॅसची बरीचशी धग मात्र कडेनं निसटून ओटा तापवते.

खरी अडचण भांड्यांची. तांबट आळीतून हौसेनं आणलेलं तांब्याचं पातेलं इंडक्शनवर गारच राहणार, ॲल्युमिनियमची कढईही. तुळशीबागेत खरेदीला जाताना फ्रिजवरचं चुंबक पर्समध्ये टाका. बुडाला घट्ट चिकटलं तर घ्या. स्टीलचं प्रत्येक भांडं चिकटतंच असं नाही, दुकानदार काहीही म्हणो.

आणि फुलका? तो मला थेट ज्योतीवर फुगलेलाच लागतो. त्यासाठी मी गॅसचा एक बर्नर ठेवलाय.