ग्रामसभेने हात वर केले म्हणून दारूचं दुकान बंद होत नाही

करवीरपासून चंदगडपर्यंत कुठल्याही पारावर बसा, एकच वाक्य ऐकू येतं: "ग्रामसभेचा ठराव झालाय, आता कुलूप लावायलाच पाहिजे." नाही लागलं की लगेच "साहेब मॅनेज झाले." साहेबांवर नजर ठेवायलाच हवी, पण आधी नियम काय आहे?

राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशानुसार ठराव किंवा 25 टक्के मतदारांचं (सगळ्या किंवा फक्त महिला) निवेदन ही फक्त सुरुवात. निवेदनावरच्या सह्या राज्य उत्पादन शुल्क खातं पडताळतं, मग जिल्हाधिकारी गुप्त मतदान लावतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

खरी गोम मोजणीत आहे. झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. समजा, महिलांचं मतदान आहे. यादीत 1,200 बायका, मतदानाला आल्या 800, त्यातल्या 550 आडव्या बाटलीच्या बाजूने. गावात गुलाल उडेल, पण दुकान चालूच राहील. लग्न होऊन इचलकरंजीला गेलेल्या लेकीचं नाव यादीत तसंच असेल, तर तिची गैरहजेरीही दुकानदाराच्याच पथ्यावर पडते. म्हणून सह्यांच्या आधी मतदार यादी तपासा. हे कोणी सांगत नाही.

आणि हो, हे सगळं परवानाधारक दुकानासाठी. हातभट्टीला परवानाच नसतो. तिथे मतदान कशाला? थेट पोलिसांत किंवा उत्पादन शुल्क खात्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.