सात वर्षे वेगळे राहिले की घटस्फोट आपोआप होतो?

"नवरा-बायको सलग सात वर्षे वेगळे राहिले, की कोर्टात न जाताच लग्न मोडते." असा निरोप अनेकांना कधी ना कधी आलेला असतो.

सातचा आकडा हवेतून आलेला नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मध्ये तो आहे, पण वेगळ्या प्रसंगासाठी: जोडीदार जिवंत असल्याची खबर सात वर्षे कोणालाच नसेल, तर घटस्फोट मागता येतो. मागता येतो, आपोआप मिळत नाही. पत्ता ठाऊक असलेल्या, पण माहेरी किंवा परगावी राहणाऱ्या जोडीदाराला हे लागूच होत नाही.

सोडून जाण्याचे कलम निराळे. १९५५ मध्ये त्या कारणावर फक्त न्यायिक विभक्तता (लग्न कायम ठेवून वेगळे राहण्याची कोर्टाची मुभा) मिळे. १९७६ च्या दुरुस्तीने सलग दोन वर्षांचा परित्याग घटस्फोटाचे कारण ठरला. परस्परसंमतीची वाटही तेव्हाच आली: वर्षभर वेगळे राहून दोघांनी मिळून अर्ज करायचा. म्हणजे कायदा सैल होत गेला, पण हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या आदेशाची, अट सुटली नाही.

अपवाद जुन्या काडीमोडीचा. समाजात सिद्ध रूढी असेल तर कलम २९ ती मानते, मात्र रूढी सिद्ध करावी लागते. नुसत्या नोटरीच्या कागदाने भागत नाही.

खात्री करायची तर हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मागा. ती (किंवा तशी सिद्ध रूढी) नसताना दुसरे लग्न केले, तर ते रद्दबातल ठरते आणि गुन्हाही.