आठ खुर्च्या, भरलेली टाकी आणि आमचा वजनाचा रकाना

आमच्याकडे विमानाची चौकशी केलीत की फोटो आणि किमतीच्या आधी तुमच्या हाती एक कोरा तक्ता येतो. गेल्या बारा महिन्यांत कुठून कुठे गेलात, बरोबर किती जण होते, प्रत्येकाचं वजन किती, सामान किती. वजनाच्या रकान्यापाशी बरेच जण अडतात. ‘विमान घ्यायचंय, कुस्ती नाही खेळायची,’ असं एका ग्राहकाने सुनावलंही होतं. हे पत्रक त्या रकान्यासाठीच आहे.

माहितीपुस्तिकेत एका पानावर आठ खुर्च्या दिसतात आणि दुसऱ्या पानावर १,२०० नॉटिकल मैलांचा पल्ला (एक नॉटिकल मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर). वाचणारा मनातल्या मनात दोन्ही जोडून टाकतो. आकडे दोन्ही खरे, पण एकाच उड्डाणात नाहीत. तो पल्ला बहुतेक वेळा मोजके प्रवासी आणि इंधन वाचवणारा संथ वेग धरून काढलेला असतो.

हिशोब साधा आहे. समजा, एका हलक्या जेटला उड्डाणाच्या वेळी कमाल ४,७०० किलो वजन चालतं. पायलटसह पण इंधनाशिवाय ते ३,२५० किलो भरतं. टाकीत १,२५० किलो इंधन मावतं. टाकी गळ्यापर्यंत भरली की उरले २०० किलो, म्हणजे दोन माणसं आणि त्यांच्या बॅगा. आता सहा जणांना सामानासकट बसवायचं, तर ६०० किलो त्यांनाच गेले आणि इंधनाला ८५० राहिले. त्यातले २५० राखीव ठेवावे लागतात, ते मोजायचेच नाहीत. खर्चायला उरले ६००. टाकी भरलेली असताना हेच १,००० होते. पल्ला साठ टक्क्यांवर आला, आणि समोरचा वारा अजून धरलेलाच नाही.

हे चाचणी उड्डाणाच्या दिवशी कळलं की व्यवहार तिथेच मोडतो. तुमची अनामत अडकते, आमचे तीन आठवडे वाया जातात. तक्ता आधी भरला तर ही गणितं आम्ही बसल्या जागी करून देतो. वजनं खरी लिहा, घरच्या काट्यावरची. लाजेखातर प्रत्येकी दहा किलो कमी लिहिलेत, तर सहा जणांत साठ किलोंची चूक होते.

पुस्तिकेतली धावपट्टीची लांबीही समुद्रसपाटीची आणि १५ अंश तापमानाची असते. उन्हाळ्यात, उंचावरच्या विमानतळावर हवा विरळ होते. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो. मग लांब धावपट्टी शोधा, नाहीतर आणखी वजन उतरवा. म्हणून तक्त्यात आम्ही महिनाही विचारतो.

जेट की टर्बोप्रॉप?

टर्बोप्रॉप म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रॉपेलर फिरवणारं विमान. त्याच्यापुढे जेट म्हणजे वरची पायरी, असा समज पक्का बसलाय. फेनॉम १०० हे दोन इंजिनांचं जेट आणि पिलाटस पीसी-१२ हे एका इंजिनाचं टर्बोप्रॉप, दोघांचं कमाल उड्डाणवजन ४,७५० किलोंच्या आसपास. पण पीसी-१२ला मागे मालाचा मोठा दरवाजा आहे आणि ते गवताच्या पट्टीवरही उतरतं. फेनॉम ४१,००० फुटांवर जातं, पीसी-१२ची मजल ३०,००० पर्यंत. खराब हवेच्या वरून जायचं असेल तेव्हा हा फरक मोठा वाटतो.

वेगाचं म्हणाल, तर ३०० नॉटिकल मैलांना २७० नॉटच्या (म्हणजे तासाला २७० नॉटिकल मैल जाणाऱ्या) टर्बोप्रॉपला ६७ मिनिटं लागतात, ४०० नॉटच्या जेटला ४५. चढ-उतार धरले तर फरक आणखी कमी. जेट उंचावर गेलं तरच इंधनाला परवडतं, आणि छोट्या प्रवासात वर पोहोचेपर्यंत उतरायची वेळ होते. हजार मैलांना मात्र जेट तासाभराहून जास्त वाचवतं. तुमच्या तक्त्यात अशा फेऱ्या वर्षाला दोनच असतील, तर त्या दोन वेळा भाड्याचं जेट घ्या. आमचं कमिशन यात कमी होतं, तरी आम्ही हेच सांगतो.

घरच्यांना एक इंजिन पटत नसेल तर वाद घालू नका. किंग एअर हे टर्बोप्रॉप बघा, दोन इंजिनांचं आहे. घाबरत बसलेला प्रवासी कोणत्याच विमानात सुखी नसतो. आणि स्वतः चालवणार असाल, तर मॉडेल ठरवण्याआधी विमा कंपनीला विचारा. तुमच्या अनुभवाच्या तासांवर ती नाही म्हणाली, तर पुढचं सगळं फुकट.

‘कमी तास झालेलं’ विमान

जुन्या विमानांच्या जाहिरातीत हे शब्द ठळक असतात. इंजिनाचे तास महत्त्वाचे आहेतच. टर्बोप्रॉपमधल्या बऱ्याच पीटी६ इंजिनांचा ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून केलेली मोठी दुरुस्ती, ३,६०० तासांना येतो. पण प्रॉपेलर, लँडिंग गिअर, रबरी नळ्या यांची कामं कॅलेंडरनेही येतात. वर्षभर उभ्या राहिलेल्या विमानाला गंज धरतो. लॉगबुकातलं, म्हणजे उड्डाणं आणि देखभालीच्या नोंदवहीतलं, एखादं वर्ष गायब असेल तर आम्ही तिथेच थांबतो.

खरेदीआधीची तपासणी आम्ही त्या विमानाची देखभाल कधीच न केलेल्या वर्कशॉपकडूनच करून घेतो. इंजिनात दुर्बीण घालून आतल्या पात्यांचे फोटो काढतो. विक्रेते कुरकुरतात, काही ग्राहकांनाही खर्च टोचतो. व्यवहार झाला तर तपासणीची रक्कम आमच्या कमिशनमधून वळती करतो, मोडला तर नाही.

कोरा तक्ता या पत्रकाच्या मागे छापला आहे. वजनाचा रकाना भरूनच पाठवा.